लांबच्या डिव्हाइससाठी डेटाबेसचं व्हर्जन कसं निवडायचं: आधी गगनबावड्याचा डबा बघा, मग आपला लॅपटॉप

दूध संकलन केंद्र, नदीकाठचं मोटारघर, फाउंड्रीतला टेंपरेचर लॉगर, वजनकाटा, कुठंही छोटा लिनक्स बोर्ड डब्यात घालून बसवला की आत एक डेटाबेस असतोच, आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी कोणाचा तरी फोन येतो की "लॅपटॉपवर मस्त चालत होतं, साइटवर टाकलं आणि बंद पडलं." बहुतेक वेळा कोड बरोबर असतो, चुकलेलं असतं ते डेटाबेसचं व्हर्जन, म्हणजे ते निवडलेलंच नसतं, जे आपोआप आलं ते चाललं एवढंच. म्हणून हे सगळं क्रमानं लिहितोय. क्रम मोडू नका, कारण लोक तिसऱ्या टप्प्यापासून सुरुवात करतात आणि मग सातव्याला येऊन अडकतात.

लिहिलेलं जास्त करून एसक्यूलाइटबद्दल (सगळा डेटा एकाच फाइलमध्ये ठेवणारा, आपल्या प्रोग्रॅमच्या आतच चालणारा छोटा डेटाबेस) आहे कारण असल्या डब्यांत बहुतेक तेच असतं. पोस्टग्रेस, मोंगो वगैरे बाकीच्या डेटाबेसचं दुसऱ्या टप्प्यात थोडक्यात आहे.

## टप्पा १: कोडला हात लावायच्या आधी यादी करा

कागदावर करा नाहीतर एक्सेलमध्ये करा, पण करा. कॉलम एवढेच: जागा, बोर्ड कुठला, ३२ बिट का ६४, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस लायब्ररीचा (आपला प्रोग्रॅम डेटाबेससाठी वापरतो त्या तयार कोडचा) नंबर, नेट कशावर आहे, लाईट कितीदा जाते, आणि तिथं पोचायला किती वेळ लागतो. शेवटचा कॉलम लोक गाळतात, तो सगळ्यात महत्त्वाचा. शिरोलीच्या एमआयडीसीतला डबा बिघडला तर चहा पिऊन जाऊन येता येतं. गगनबावडा कोल्हापुरापासून पंचावन्न किलोमीटर आहे, आणि जुलैत तो रस्ता सुरू असेलच याची खात्री कोणी देत नाही. दोन्ही डब्यांत सॉफ्टवेअर तेच असलं तरी चूक झाल्यावर पडणारी किंमत वेगळी आहे.

आता लायब्ररीचा नंबर कसा बघायचा, इथंच पहिली चूक होते. लोक टर्मिनलवर एसक्यूलाइटचं कमांडलाइन टूल चालवतात, ते जो नंबर दाखवतं तो लिहून घेतात आणि खूश होतात. पण ते टूल वेगळं आणि तुमचा प्रोग्रॅम जी लायब्ररी उचलतो ती वेगळी असू शकते. कोणीतरी टूल हातानं डाऊनलोड करून टाकलेलं असतं, लायब्ररी मात्र सिस्टिमबरोबर आलेली जुनीच. खरं उत्तर एकाच ठिकाणी मिळतं: तुमच्याच प्रोग्रॅमच्या आतून, त्याच कनेक्शनवर, 'सिलेक्ट एसक्यूलाइट_व्हर्जन()' चालवायचं. पायथॉनवाल्यांसाठी अजून एक खड्डा आहे. एसक्यूलाइट३ मॉड्यूलचं नुसतं 'व्हर्जन' विचारलं तर जुन्या पायथॉनमध्ये २.६.० असलं काहीतरी येतं, तो मॉड्यूलचा नंबर आहे, डेटाबेसचा नाही. 'एसक्यूलाइट_व्हर्जन' विचारायचं.

ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर काय येतं त्याचा अंदाज असावा म्हणून देतोय (डेबियन आणि उबुंटू हे लिनक्सचेच प्रकार). डेबियन १० मध्ये ३.२७.२, डेबियन ११ मध्ये ३.३४.१, डेबियन १२ मध्ये ३.४०.१, डेबियन १३ मध्ये ३.४६.१. रास्पबेरी पायची (असल्या डब्यांत बसणारा छोटा लिनक्स बोर्ड, पुढं नुसतं 'पाय') सिस्टिम डेबियनवरच असल्यामुळं तिथंही साधारण हेच. उबुंटू २०.०४ ला ३.३१.१, २२.०४ ला ३.३७.२, २४.०४ ला ३.४५.१. म्हणजे तुमच्या टेबलावरच्या उबुंटू २४.०४ मध्ये आणि चार वर्षांपूर्वी बसवलेल्या डेबियन ११ च्या डब्यात अकरा पायऱ्यांचा फरक आहे, आणि तुम्ही टेस्ट कुठं करताय? टेबलावर.

थांबा: ३२ का ६४ हे 'यूनेम' बघून लिहू नका. पायवर कर्नल (सिस्टिमचा गाभा) ६४ बिट आणि बाकी सगळे प्रोग्रॅम ३२ बिट अशी खिचडी असू शकते. 'गेटकॉन्फ लाँग_बिट' चालवा, ते खरं सांगतं.

तपासा: यादीत एकाही डब्यासमोर "बहुतेक" असा शब्द राहिला असेल तर पुढं जाऊ नका. त्या डब्यावर लॉगिन करा नाहीतर तिथल्या माणसाला फोन लावा.

## टप्पा २: व्हर्जनच्या आधी डेटाबेस ठरवा (पटकन)

ईएसपी३२ सारखा मायक्रोकंट्रोलर असेल तर डेटाबेसच्या मागं लागू नका. फ्लॅशवर ठरावीक मापाच्या नोंदी गोल फिरवत लिहायच्या, प्रत्येक नोंदीला चेकसम लावायचा, काम झालं.

लिनक्स बोर्ड, एकच प्रोग्रॅम लिहिणारा, डेटा त्याच बोर्डवर: एसक्यूलाइट. इथं विचार करत बसायचं कारण नाही.

एकाच वेळी पाच-सहा मशीन त्या बोर्डवर लिहिणार असतील तर पोस्टग्रेस किंवा मारियाडीबी. पोस्टग्रेसची गोष्ट अशी की प्रत्येक मोठ्या व्हर्जनला साधारण पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. १३ ची मुदत नोव्हेंबर २०२५ ला संपली, १६ ची नोव्हेंबर २०२८ पर्यंत आहे. आणि एका मोठ्या व्हर्जनवरून दुसऱ्यावर जाताना जुन्या डेटा फोल्डरवर नवीन सर्व्हर तसाच उठत नाही, डेटा काढून भरावा लागतो नाहीतर त्याचं अपग्रेड टूल चालवावं लागतं. डोंगरातल्या डब्यावर रात्री दोनला हे करायची हौस नसेल तर सुरुवातीलाच जास्त मुदत शिल्लक असलेलं व्हर्जन घ्या. मारियाडीबी घेतलं तर 'लाँग टर्म'वालंच घ्या, १०.११ किंवा ११.४, मधलंअधलं नको.

मोंगोडीबीबद्दल एकच सांगतो. ५.० पासूनच्या तयार बायनरीला (आधीच कंपाइल करून मिळणाऱ्या प्रोग्रॅमला) एआरएमवर, म्हणजे पायसारख्या बोर्डांतल्या प्रोसेसरच्या जातीत, व्ही८.२ प्रोसेसर लागतो. पाय ४ चा प्रोसेसर व्ही८.०. त्यामुळं इन्स्टॉल नीट होतं आणि चालू केलं की 'इलीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून मरतं. मग लोक ४.४ टाकतात, त्याची मुदत फेब्रुवारी २०२४ लाच संपली. म्हणजे पाय ४ वर तयार बायनरीतलं जे चालतं त्याला कोणी वाली नाही, आणि ज्याला वाली आहे ते चालत नाही. सोडून द्या.

## टप्पा ३: खालची रेघ ठरवा

खालची रेघ म्हणजे याच्यापेक्षा जुनं व्हर्जन आपल्या कोडला चालणार नाही तो नंबर. ही रेघ कोडमध्ये काय वापरलंय त्यावरनं ठरते.

- अपसर्ट, म्हणजे 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू अपडेट': ३.२४.०
- विंडो फंक्शन, कॉलमचं नाव बदलणं: ३.२५.०
- व्हॅक्यूम इनटू (बॅकअपला लागतं): ३.२७.०
- जनरेटेड कॉलम: ३.३१.०
- रिटर्निंग, आणि कॉलम काढून टाकणं: ३.३५.०
- स्ट्रिक्ट टेबल: ३.३७.०
- राइट जॉइन: ३.३९.०

डेबियन ११ चा नंबर परत बघा: ३.३४.१. रिटर्निंग ३.३५.० ला आलं. एका पायरीनं हुकलं. माझी फजिती इथंच झालीय. संकलनाच्या एंट्रीनंतर पावती नंबर परत मिळावा म्हणून इन्सर्टच्या शेवटी रिटर्निंग लावलं, एक क्वेरी वाचली म्हणून मनात खूश, लॅपटॉपवर टेस्ट पास, दुपारी तीनला सगळ्या डब्यांवर पाठवलं. संध्याकाळचं दूध सुरू झालं आणि जुन्या डेबियनच्या दोन केंद्रांवर पहिल्याच एंट्रीला सिंटॅक्स एरर. केंद्रावर माणसं किटल्या घेऊन रांगेत उभी, सचिव फोनवर, "अवो साहेब, फॅट लागतीया पण पावती काय येईना झालीया बघा." त्या दिवशी वहीत लिहून दूध घेतलं. सुदैव एवढंच की रिटर्निंग फक्त क्वेरीत असतं, डेटाबेसच्या फाइलला काही झालं नव्हतं, कोड मागं घेतला आणि चालू झालं.

हा फरक नीट समजून घ्या, कारण यादीत दोन जातीच्या गोष्टी आहेत. अपसर्ट, रिटर्निंग, विंडो फंक्शन या क्वेरीतल्या गोष्टी: जुन्या व्हर्जनवर ती क्वेरी पडते, बाकी सगळं चालतं. (ट्रिगरमध्ये किंवा व्ह्यूमध्ये लिहिल्या तर मात्र त्या स्कीमात, म्हणजे फाइलमध्ये साठवलेल्या टेबलांच्या आराखड्यात, जाऊन बसतात, सांभाळून.) स्ट्रिक्ट टेबल, जनरेटेड कॉलम या स्कीमातल्या गोष्टी: या एकदा फाइलमध्ये गेल्या की जुनं व्हर्जन ती फाइल उघडताना 'माल्फॉर्म्ड डेटाबेस स्कीमा' म्हणतं आणि बाकीची साधी टेबलंसुद्धा वाचू देत नाही. फाइल खराब झालेली नसते, त्या व्हर्जनला स्कीमा वाचता येत नाही एवढंच, पण साइटवरच्या माणसाला दोन्ही सारखंच.

म्हणून माझा नियम: क्वेरीतली गोष्ट सोयीप्रमाणं, स्कीमातली गोष्ट सगळे डबे रेघेच्या वर आल्याशिवाय अजिबात नाही.

तपासा: यादीतला सगळ्यात जुना नंबर आणि कोडची खालची रेघ शेजारी ठेवा. डबा खाली असेल तर दोनच वाटा आहेत, कोड जुन्या पद्धतीनं लिहा नाहीतर लायब्ररी बरोबर पाठवा (टप्पा ५). "त्या केंद्रावर नंतर बघू" ही तिसरी वाट नाही.

## टप्पा ४: नेमका नंबर निवडा

एसक्यूलाइटचा नंबर तीन भागांचा. पहिला ३, तो २००४ पासून तसाच आहे आणि फाइलचा ढाचाही तेव्हापासून सुसंगत ठेवलाय, जुनी फाइल नवीन व्हर्जन उघडतं. मधला आकडा वाढला की नवीन सोयी आणि आतल्या यंत्रणेत बदल. शेवटचा आकडा वाढला की फक्त दुरुस्त्या. लांबच्या डब्यासाठी आपल्याला बघायचा आहे तो शेवटचा.

शून्यावर संपणारं व्हर्जन डब्यात टाकू नका. ते खराब असतं असं नाही, त्यांची टेस्टिंग जबरदस्त असते, पण नवीन ऑप्टिमायझर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) जगभरातल्या चित्रविचित्र क्वेरींना सामोरा गेला की पहिल्या काही आठवड्यांत काहीतरी सापडतंच आणि .१, .२ येतात. ती सापडासापडी दुसऱ्यांच्या मशीनवर होऊ द्या, आपल्या चंदगडच्या डब्यावर नको. मी असं करतो: ज्या मधल्या आकड्याला एकतरी दुरुस्ती व्हर्जन येऊन गेलंय, आणि शेवटच्या दुरुस्तीनंतर दोन-तीन महिने शांतता आहे, ते घ्यायचं. नवीन फोन घेताना शेजाऱ्यानं घेतल्यावर सहा महिन्यांनी घेणारी माणसं असतात ना, तसं.

मग चेंजलॉग, म्हणजे प्रत्येक व्हर्जनमधल्या बदलांची यादी, वाचा. सगळा नको, तुमच्या सध्याच्या नंबरपासून निवडलेल्या नंबरपर्यंत, आणि त्यातही दोनच प्रकारच्या ओळी शोधा: डेटाबेस खराब होण्याबद्दलची दुरुस्ती, आणि चुकीचं उत्तर येण्याबद्दलची दुरुस्ती. त्यातली एखादी तुम्ही वापरता त्या मोडला लागू असेल, समजा वॉल मोड (नवीन नोंदी आधी शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहिण्याची पद्धत) किंवा तुमच्या क्वेरीतला जॉइन, तर ती आलेलं व्हर्जन हीच तुमची नवीन खालची रेघ. वेग वाढला, अमुक टक्के जलद झालं, हे वाचून हुरळून जाऊ नका. दर पाच सेकंदाला एक आकडा लिहिणाऱ्या डब्याला वेग काय करायचाय.

सिक्युरिटीबद्दल घाबरवणारे मेल येतात. एसक्यूलाइटच्या बऱ्याचशा भानगडींना हल्लेखोराला हवं ते एसक्यूएल चालवता यावं लागतं किंवा त्यानं बनवलेली फाइल तुम्ही उघडावी लागते. तुमचा डबा पेन ड्राइव्हवरनं आलेली डेटाबेस फाइल उघडत असेल तर गंभीरपणे घ्या. नुसता स्वतःचीच फाइल लिहीत असेल तर शांतपणे पुढच्या ठरलेल्या अपडेटमध्ये घ्या.

थांबा: डेबियनच्या पॅकेजमध्ये जुन्या नंबरवरच नवीन दुरुस्त्या चिकटवलेल्या असू शकतात. ३.३४.१ दिसतं, पण डॅशनंतरचा पॅकेजचा नंबर वेगळा असतो. यादीत पॅकेजचा पूर्ण नंबर लिहा, नाहीतर दोन डबे सारखे समजाल आणि ते नसतील.

## टप्पा ५: लायब्ररी स्वतः बांधून बरोबर पाठवा

डबे वेगवेगळ्या वर्षी बसवलेले असतील तर सिस्टिमच्या लायब्ररीवर अवलंबून राहणं म्हणजे दरवेळी नवीन जुगार. एसक्यूलाइट एका मोठ्या सी फाइलमध्ये मिळतं, ती आपल्या प्रोग्रॅमबरोबर कंपाइल करायची. पायथॉन असेल तर स्वतःची एसक्यूलाइट आत घेऊन येणारी पॅकेजेस आहेत, एपीएसडब्ल्यू हे त्यातलं एक. मग डेबियन १० असो का १३, आत तुमचाच नंबर.

बांधताना तीन ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं, पर्याय. डेबियनवाले लायब्ररी बांधताना एफटीएस५ (मजकुरात शोधायची सोय) वगैरे बऱ्याच गोष्टी चालू करून देतात. तुम्ही नुसती सी फाइल कंपाइल केली तर त्या नसतात, आणि 'नो सच मॉड्यूल' येतं. गणिताच्या फंक्शनचंही तसंच: कमांडलाइन टूलमध्ये वर्गमूळ निघतं, तुमच्या प्रोग्रॅममध्ये निघत नाही, कारण टूल बांधताना तो पर्याय चालू होता आणि तुमच्याकडं नाही. जुन्या आणि नव्या दोन्हीवर 'प्राग्मा कंपाइल_ऑप्शन्स' चालवा (प्राग्मा म्हणजे एसक्यूलाइटची स्वतःची सेटिंग आणि तपासणीची कमांड), दोन्ही याद्या शेजारी ठेवून फरक बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

दुसरं, एकाच प्रोसेसमध्ये एसक्यूलाइटच्या दोन प्रती. हे भयानक आहे आणि दिसत नाही. समजा तुमच्या सी++ प्रोग्रॅममध्ये तुमची प्रत आहे आणि त्याच प्रोसेसमध्ये लोड होणाऱ्या दुसऱ्या कुठल्या प्लगइननं सिस्टिमची प्रत उचलली, आणि दोन्ही एकच फाइल उघडतायत. लिनक्सच्या फाइल लॉकची रीत अशी आहे की एकाच प्रोसेसमधल्या कुठल्याही कोपऱ्यातनं ती फाइल क्लोज झाली की त्या प्रोसेसचे त्या फाइलवरचे सगळे लॉक सुटतात. एक प्रत असेल तर एसक्यूलाइट आतल्या आत हिशोब ठेवून हे सांभाळतं. दोन प्रतींना एकमेकींचा पत्ताच नसतो. मग फाइल फाटते, आणि ती कधी फाटेल ते सांगता येत नाही, टेस्टमध्ये तर हमखास फाटत नाही.

तिसरं, हेडर एका व्हर्जनची आणि लायब्ररी दुसऱ्या व्हर्जनची. प्रोग्रॅम सुरू होतानाच दोन्ही नंबर जुळतात का बघा, नाही जुळले तर लॉगमध्ये लिहून तिथंच थांबा. सकाळी साडेपाचला न सुरू झालेला डबा परवडतो, चार दिवस चुकीचं चालून मग सापडलेला परवडत नाही.

तपासा: डब्यावर प्रोग्रॅम चालू असताना त्या प्रोसेसचा मेमरी नकाशा, म्हणजे प्रॉक फोल्डरमधली मॅप्स फाइल, उघडा आणि त्यात सिस्टिमच्या एसक्यूलाइटचं नाव येतंय का शोधा. तुमची प्रत आत बांधलेली असताना तिथं नाव दिसलं, तर दुसरी प्रत आत शिरलेली आहे.

## टप्पा ६: सेटिंग व्हर्जनबरोबरच लिहून टाका

व्हर्जन बरोबर आणि सेटिंग भलतंच, असं खूपदा असतं.

वॉल मोड फाइलमध्ये कायमचा लिहिला जातो, एकदा लावला की राहतो. पण 'सिंक्रोनस', 'बिझी_टाइमआउट' आणि 'फॉरेन_कीज' (टेबलांमधल्या दुव्यांची तपासणी) ही प्रत्येक कनेक्शनला परत लावावी लागतात. एका स्क्रिप्टनं लावलं म्हणून दुसरीला लागत नाही. कनेक्शन उघडणारं एकच फंक्शन ठेवा, सगळे तिथनंच जातील असं करा.

सिंक्रोनस, म्हणजे नोंद खरंच कार्डावर पोचेपर्यंत किती थांबायचं, फुल का नॉर्मल? वॉल मोडमध्ये नॉर्मल ठेवलं तर लाईट गेल्यावर फाइल खराब होत नाही पण शेवटच्या काही नोंदी जाऊ शकतात. मोटारघरातल्या पाणीपातळीची शेवटची दोन रीडिंग गेली तर काय बिघडत नाही. दूध केंद्रावर एक नोंद म्हणजे कोणाचे तरी दहा दिवसांच्या बिलातले पैसे, तिथं फुलच. कार्ड झिजेल ही भीती असेल तर फुल काढू नका, लिहिणं कमी करा: दर पाच सेकंदाला एक कमिट (नोंद पक्की करणं) म्हणजे दिवसाला १७,२८० कमिट, तीच रीडिंग मिनिटभर साठवून एकदम लिहिली तर १,४४०.

आणि बॅकअप. वॉल मोडमध्ये मुख्य फाइलच्या शेजारी आणखी दोन फाइली असतात, एकीच्या नावामागं डॅश-वॉल आणि दुसरीच्या डॅश-एसएचएम. त्या "टेंपररी" दिसतात म्हणून लोक नुसती मुख्य फाइल कॉपी करतात. ताज्या नोंदी अजून वॉल फाइलमध्येच असतात, मुख्य फाइलमध्ये यायच्या असतात, म्हणजे तुम्ही संध्याकाळचं सगळं संकलन मागं सोडून आलात. कार्ड भरलं म्हणून वॉल फाइल पुसणारी साफसफाईची स्क्रिप्टपण मी बघितलीय. बॅकअप 'व्हॅक्यूम इनटू' नं घ्या किंवा टूलच्या 'डॉट बॅकअप' नं, चालू डेटाबेसवर नुसतं सीपी (फाइल कॉपीची कमांड) कधीच नाही.

थांबा: डेटाबेसची फाइल नेटवर्क शेअरवर ठेवून वॉल मोड लावू नका. तो मोड एकाच मशीनमधल्या सामायिक मेमरीवर चालतो, दोन मशीनमध्ये चालतच नाही.

## टप्पा ७: प्लग खेचा

हा टप्पा गाळूनच लोक फसतात. नीट बंद करून चालू करणं म्हणजे टेस्ट नाही, आपल्याकडं डबा कोणी नीट बंद करत नाही, लाईट जाते.

साइटवर आहे तसाच बोर्ड घ्या, तेच कार्ड, तोच ॲडॉप्टर. एक छोटा प्रोग्रॅम लिहा जो १, २, ३ असे वाढते आकडे एकेका कमिटनं डेटाबेसमध्ये लिहितो, आणि कमिट झालं की तोच आकडा नेटवरनं दुसऱ्या मशीनला पाठवतो. मग एका टायमरच्या सॉकेटला किंवा रिलेला लावून लाईट मधेच तोडा, वेळ दरवेळी वेगळी, आणि रात्रभर चालू द्या. माझी पद्धत किमान दोनशे वेळा. प्रत्येकदा उठल्यावर दोन गोष्टी बघायच्या: 'प्राग्मा इंटिग्रिटी_चेक' (फाइल धड आहे का ते तपासणारी कमांड) ओके म्हणतं का, आणि दुसऱ्या मशीनला मिळालेला शेवटचा आकडा डेटाबेसमध्ये आहे का. फुल मोडमध्ये तो असलाच पाहिजे. नसेल तर डेटाबेसला शिव्या देऊ नका, कार्ड खोटं बोलतंय: "लिहिलं" असं सांगतंय आणि आतल्या बफरमध्ये धरून बसलंय. अशा वेळी व्हर्जन बदलून काही होत नाही, कार्ड बदला. स्वस्तातलं कार्ड घेऊन वाचलेले पैसे आंबा घाटाच्या एका फेरीच्या पेट्रोलमध्ये जातात.

इंटिग्रिटी चेक फॉरेन की तपासत नाही, त्याला 'फॉरेन_की_चेक' वेगळं चालवावं लागतं.

लाईटच्या बरोबरीनं अजून दोन टेस्ट करा. कार्ड पूर्ण भरून बघा, प्रोग्रॅम नीट ओरडतो का गुपचूप नोंदी सोडतो. आणि घड्याळ: बऱ्याच बोर्डांना स्वतःचं बॅटरीवालं घड्याळ नसतं, नेट नसताना उठले की जुन्याच वेळेत उठतात. नोंदींचा क्रम वेळेवरनं लावत असाल तर सकाळचं दूध आदल्या संध्याकाळच्या आधी जाऊन बसतं. क्रमाला वाढता आकडा, वेळ फक्त दाखवायला.

## टप्पा ८: पाठवायचा क्रम

आधी हाताशी असलेला एक डबा. मग त्याच बोर्डचा, त्याच सिस्टिमचा, पण थोडा लांबचा एक. तिथं एक पूर्ण बिलाचं चक्र, म्हणजे दहा दिवस, जाऊ द्या. बिल निघतानाच्या क्वेरी रोजच्यापेक्षा वेगळ्या आणि मोठ्या असतात, आणि नव्या ऑप्टिमायझरचा दणका बसला तर तिथंच बसतो. मग बाकीचे, सगळ्यात लांबचे सगळ्यात शेवटी.

पावसाळ्यात अजिबात नाही. राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पाणी तिकडं सरकायला लागलं की पश्चिमेकडचे रस्ते एकेक बंद व्हायला लागतात. माझं शेवटचं अपडेट मे अखेर, पुढचं दसऱ्यानंतर.

आता मागं येण्याची सोय. नवीन कोडनं स्कीमा बदलला आणि काही कारणानं जुन्या कोडवर परत यावं लागलं, तर जुना कोड नवीन स्कीमा वाचू शकला पाहिजे. म्हणून पहिल्या अपडेटमध्ये फक्त नवीन कॉलम जोडा, काढू काहीच नका. जुना कॉलम काढायचा असेल तर पुढच्या अपडेटला, सगळे डबे स्थिर झाल्यावर. स्कीमा कितव्या पायरीवर आहे ते 'प्राग्मा यूजर_व्हर्जन' मध्ये लिहा, आणि कोड सुरू होताना तो आकडा आपल्या ओळखीचा नसेल तर त्यानं काही न लिहिता थांबावं.

- अपडेटच्या आधी व्हॅक्यूम इनटू नं प्रत, आणि ती प्रत उघडून इंटिग्रिटी चेक.
- ती प्रत डब्यातच नको, खाली सर्व्हरवर आलेली असावी.
- सकाळ-संध्याकाळच्या संकलनाच्या वेळा सोडून, दुपारी बारा ते दोनच्या मधे.
- जुनी लायब्ररी आणि जुना प्रोग्रॅम बाजूच्या फोल्डरमध्ये तसाच.

## टप्पा ९: नंतरची नजर

प्रत्येक डब्यानं दिवसातनं एकदा आपली लायब्ररी कुठली ते स्वतः सांगावं. नुसता नंबर नको, 'एसक्यूलाइट_सोर्स_आयडी' पण पाठवा, दोन बिल्डचा नंबर एक असून आतला कोड वेगळा असेल तर तिथं दिसतं. आठवड्यातनं एकदा 'क्विक_चेक', महिन्यातनं एकदा पूर्ण 'इंटिग्रिटी_चेक', तोही रात्री, कारण मोठ्या फाइलवर त्याला वेळ लागतो आणि कार्डाची सगळी बँडविड्थ तोच खातो.

वर्षातनं एकदा टप्पा १ ची यादी परत काढा. मधल्या काळात कोणीतरी जळलेला बोर्ड बदललेला असतो, नवीन कार्डावर नवीन सिस्टिम टाकलेली असते आणि ते तुम्हाला कळलेलं नसतं. गेल्या खेपेला एका मोटारघरात असंच निघालं, तिथल्या वायरमननं स्वतःच्या हुशारीनं कार्ड बदललं होतं आणि डबा आठ महिने दुसऱ्याच व्हर्जनवर चालत होता, चालत होता हे विशेष. तेव्हापासून प्रत्येक डब्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवतो: बोर्ड, सिस्टिम, लायब्ररीचा पूर्ण नंबर, बसवल्याची तारीख, आणि खाली मोठ्या अक्षरात "कार्ड बदललं तर आधी फोन करा." वर पारदर्शक टेप लावायची, नाहीतर पहिल्या पावसात शाई उतरते.